इन्फ्युजनमध्ये बबल येतायत म्हणून मोठा पंप घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं युनिट, काचेचं फायबर आणि विनाइल एस्टर रेझिन, व्हॅक्यूम इन्फ्युजनने (मोल्डवर कोरडं कापड, वर प्लॅस्टिकची बॅग, पंपाने हवा काढून रेझिन आत ओढायचं) साधारण ६ मिमी जाडीची मशीन कव्हरं बनतात. पावसाळा लागल्यापासून पार्टमध्ये पांढरे ठिपके दिसायला लागलेत, जास्त करून व्हेंटच्या (पंपाकडे हवा निघते त्या) बाजूला, आणि कस्टमरकडे पेंट ओव्हनमधून बाहेर आला की पिनहोल (सुईच्या टोकाएवढी भोकं). पंपाचा काटा ७०० मिमीला थांबतो, कॅटलॉगमध्ये ७५० च्या पुढचा आकडा छापलाय, म्हणून पंप कमजोर झालाय असं धरून डबल कपॅसिटीचा घ्यायचं चाललंय. शिवाय दोन गोष्टी विचारल्यात, पावसाचा संबंध असतो का आणि आधी बनून पडलेल्या पार्टचं काय करायचं.

भाऊ, पंप घेऊ नका. तुमचा पंप कमजोर नाही, उलट रेझिन आत गेल्यानंतर तो जरा जास्तच ओढतोय असा माझा अंदाज आहे. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी काट्याचं बघू. साधं डायल गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत किती ओढलंय तेवढंच दाखवतं. मुंबईत समुद्राच्या लेव्हलला हवेचा दाब साधारण १०१३ मिलिबार, म्हणजे ७६० मिमी पारा. आपलं नाशिक ५८० मीटरच्या आसपास उंचीवर, इथे दाब साधारण ९४५ मिलिबार म्हणजे ७१० मिमीच्या आगेमागे. म्हणजे जगातला सगळ्यात भारी पंप आणून लावला तरी नाशिकमध्ये तो काटा ७१० च्या पुढे सरकणारच नाही, कॅटलॉगमधला आकडा समुद्रकिनाऱ्यावरचा आहे. तुमचं गेज बरोबर असेल तर ७०० म्हणजे बॅगेत फक्त १० मिमी उरलंय, १३ मिलिबार. आता डायल गेज स्वतःच दहा-पंधरा मिमी इकडेतिकडे दाखवू शकतं त्यामुळे त्या १० वर फार विश्वास ठेवू नका, पंपाचे पैसे वाचतायत त्यातून एक अ‍ॅब्सोल्यूट दाब (बाहेरच्या हवेशी तुलना न करता आत खरोखर उरलेला) दाखवणारं डिजिटल गेज घ्या आणि ते पंपावर नाही, बॅगेच्या बाजूला लावा.

आता १३ मिलिबारला काय होतं बघा. १० मिमी पाऱ्याच्या दाबाला स्टायरिन, म्हणजे रेझिन पातळ ठेवणारं द्रव, साधारण ३१ अंशांना उकळतं. विनाइल एस्टरमध्ये स्टायरिन मिसळलेलं असल्यामुळे तो आकडा थोडा वर जातो, पण ६ मिमीचं लॅमिनेट (कापड आणि रेझिनचा थर) एक्झोथर्मला, म्हणजे रेझिन कडक होताना स्वतःच तापतं तेव्हा, ६०-७० अंशांपर्यंत सहज जातं, मग? जेल होण्याच्या थोडं आधी, नेमकं रेझिन घट्ट होत असताना, आत स्टायरिनची वाफ होते आणि तो बबल तिथेच अडकून बसतो. आणि व्हेंटच्या बाजूलाच जास्त का, तर इनलेटजवळ, म्हणजे रेझिन आत शिरतं तिथे, रेझिनवर बादलीतून बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो आणि व्हेंटकडे जाता जाता तो कमी होत पंपाच्या दाबाइतका होतो. सगळ्यात कमी दाब तिथे, सगळ्यात आधी उकळणार तिथेच. शिवाय इनलेटला रेझिनबरोबर जो बारीक हवेचा बबल आत शिरला तो व्हेंटला पोचेपर्यंत फुगतो, ९४५ वरून १३ मिलिबार म्हणजे आकारमान सत्तरपट. बादलीत डोळ्याला न दिसणारा बबल पार्टमध्ये ठिपका होऊन दिसतो तो असा.

म्हणून माझं म्हणणं कायम एकच असतं, पोरॉसिटी (पार्टमधली बारीक पोकळी) म्हणजे शेवटी गॅस, आणि तो गॅस कुठून आला ते ठरवल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. लीकमधून आलेली हवा, रेझिनमध्ये घोटली गेलेली हवा, स्टायरिन किंवा पाण्याची वाफ, कॅटॅलिस्टने (रेझिन कडक करणाऱ्या रसायनाने) तयार केलेला गॅस, आणि फायबर नीट न भिजल्यामुळे मागे राहिलेली हवा, प्रत्येकाचा इलाज वेगळा आणि काही तर एकमेकांच्या उलटे आहेत. लीक असेल तर जास्त खेचून वरवर फायदा दिसतो, स्टायरिन असेल तर जास्त खेचून नुकसान.

ठरवायचं कसं? १०-१२ मिमीची टफन काच घ्या, दोन स्टुलांवर आडवी ठेवा, वॅक्स मारा आणि त्यावर तुमचंच कापड, तुमचंच रेझिन, तुमचीच फ्लो मेश (रेझिन पसरवणारी जाळी) वापरून फूटभर बाय फूटभर पॅनल इन्फ्युज करा. खालून मोबाईल लावून रेकॉर्डिंग चालू ठेवा, जेल होईपर्यंत बंद करायचं नाही. मोल्डच्या आत काय चाललंय ते आपल्याला एरवी कधी दिसतच नाही, इथे सगळं दिसतं. एका ठराविक जागेवरून बबलची माळ सुटलीय आणि ती थांबतच नाही, तर ते लीक. रेझिनच्या पुढच्या कडेबरोबर बबल आत येतायत, इनलेटपासूनच, तर ती बादलीतली किंवा पाइपच्या जोडातली हवा. पॅनल छान भरलं, पारदर्शक झालं, सगळे खुश होऊन चहाला गेले आणि वीस मिनिटांनी व्हेंटच्या बाजूने बारीक गोल बबल आपोआप उगवायला लागले, तर ते उकळणं किंवा कॅटॅलिस्टचा गॅस. तुमच्या वर्णनावरून मला हे शेवटचंच वाटतंय, पण बघितल्याशिवाय छातीठोक नाही सांगणार.

काच नसेल तर रिजेक्ट पार्टमधून एक तुकडा कापा, कापलेली कड २२०, ४००, ८००, १२०० अशा वॉटर पेपरवर पाणी लावून चढत्या क्रमाने घासा, काळा मार्कर फासा आणि लगेच कापडाने पुसून घ्या. शाई भोकात बसते. दहा पॉवरच्या भिंगाखाली धरलं की आकार बोलतो. रेझिन जास्त असलेल्या जागी सुटे गोल गरगरीत ठिपके असतील तर वाफ किंवा गॅस. दोन लेअरच्या मधे चपटे पसरट असतील तर लेअप करताना (कापडाचे थर रचताना) अडकलेली हवा किंवा लीक. रोविंगच्या धाग्यांच्या जुडग्याच्या आत लांबट बारीक रेघा दिसल्या तर फायबर आतून भिजलंच नाही. कड घासताना घाई करू नका, नाहीतर ओरखड्यात बसलेली शाईच पोरॉसिटी म्हणून मोजाल.

विनाइल एस्टरमध्ये अजून एक भानगड असते जी बऱ्याच जणांना माहीत नसते, आणि सप्लायरचा माणूसही बऱ्याचदा सांगत नाही. साध्या एमईकेपी कॅटॅलिस्टमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडचा थोडा अंश असतो, तो विनाइल एस्टर आणि कोबाल्टबरोबर (कॅटॅलिस्टला वेग देण्यासाठी घालतात ते) गॅस सोडतो. पॉलिएस्टरला जे कॅटॅलिस्ट वर्षानुवर्षं चाललं तेच विनाइल एस्टरला ओतलं की मग रेझिन फेसाळतं. दोन पारदर्शक ग्लास घ्या, दोन्हीत कोबाल्ट घातलेलं रेझिन, एकातच कॅटॅलिस्ट, दोन्ही सारखे हलक्या हाताने ढवळून ठेवून द्या. पाच-दहा मिनिटांत कॅटॅलिस्टवाल्या ग्लासात सोड्यासारखे बबल वर येत राहिले तर गुन्हेगार सापडला. त्यासाठी कमी हायड्रोजन पेरॉक्साइडवालं एमईकेपी मिळतं, नाहीतर सीएचपी हे दुसरं कॅटॅलिस्ट किंवा दोघांचं ब्लेंड, रेझिन कंपनीच्या डेटाशीटमध्ये चालणारे ग्रेड दिलेले असतात, तेवढं बघून मागवा. जेल टाइम बदलेल, आधी ग्लासात ट्रायल घ्या. आणि हे सगळ्यांना माहीत असतं तरी सांगतो, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीच मिसळायचं नाही, आग लागते, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळून झाल्यावर मगच कॅटॅलिस्ट. नवीन पोराला हे पहिल्या दिवशी सांगा.

मग खेचायचं किती? रेझिन आत जाण्याआधी जेवढं जमेल तेवढं, तिथे कंजुषी नाही. तेव्हा आपण हवा काढतोय, लीक शोधतोय, कापडातला ओलावा उडवतोय. रेझिन चालू असतानाही विनाइल एस्टरला मी पूर्ण ओढत नाही, ५०-१०० मिलिबार अ‍ॅब्सोल्यूटवर आणतो. पार्ट पूर्ण भरला की इनलेट क्लॅम्प, जास्तीचं रेझिन थोडं व्हेंटने निघू द्यायचं, आणि मग दाब वाढवत ३०० ते ४०० मिलिबार अ‍ॅब्सोल्यूटवर आणून जेल होईपर्यंत तिथेच धरून ठेवायचं. बॅगेवर तरी साधारण ६०० मिलिबारचा भार राहतोच, लॅमिनेट दाबलेलं राहतं, पण आतलं रेझिन आता सहज उकळत नाही आणि जे बारीक बबल उरलेत ते आकसतात, काही रेझिनमध्ये विरघळूनही जातात. याची किंमत म्हणजे जाडी किंचित वाढते आणि फायबरचं प्रमाण थोडं कमी होतं, मशीन कव्हरला त्याने काही बिघडत नाही. व्हॅक्यूम रेग्युलेटर नसेल तर कॅच पॉटवर (पंपाच्या आधी जास्तीचं रेझिन अडवणारं भांडं) एक नीडल व्हॉल्व्ह बसवा आणि तो किंचित उघडून बाहेरची हवा पॉटमध्ये येऊ द्या, काटा हवा तिथे स्थिर होतो. हवा पॉटमध्ये सोडायची हं, बॅगेच्या लाइनमध्ये नाही.

इपॉक्सीवाल्यांनी हे जसंच्या तसं उचलू नका, इपॉक्सीत स्टायरिन नसतं त्यामुळे पूर्ण व्हॅक्यूम चालतो. डीगॅसिंगचंही, म्हणजे रेझिनमधली हवा आधीच काढून टाकण्याचंही, तसंच. इपॉक्सी खोल व्हॅक्यूममध्ये पाच-दहा मिनिटं ठेवून फेस बसेपर्यंत डीगॅस करायचं, भांडं रेझिनच्या तिप्पट-चौपट मोठं घ्यायचं नाहीतर फेस वर येऊन पंपात जातो, आणि आत स्कॉच-ब्राइटचा तुकडा टाकला की विरघळलेली हवा त्याच्यावर बबल होऊन पटापट सुटते. विनाइल एस्टरला एवढं खोल डीगॅस केलं तर स्टायरिनच उडून जातं. त्याला ड्रिल मशीनने घुसळणं बंद करा, सपाट पट्टीने हळू ढवळा, कोबाल्ट घालून झाल्यावर ड्रम निवांत उभा राहू द्या आणि बादलीत पाइपचं तोंड तळाशी बांधून ठेवा. पाइप तरंगून तोंड एकदा वर आलं की तेवढा हवेचा घोट थेट पार्टमध्ये. रेझिन जाड वाटतंय म्हणून त्यात थिनर किंवा अ‍ॅसिटोन घालणारे महाभाग आहेत आपल्याकडे, ते तर विकत घेतलेलं बबल आहे, अ‍ॅसिटोन साध्या हवेतच ५६ अंशांना उकळतं. अ‍ॅसिटोनमध्ये धुतलेला ओला रोलर परत लेअपवर फिरवणं हाही तोच प्रकार.

आता पाऊस. संबंध आहे, आणि भरपूर आहे. काच स्वतः पाणी शोषत नाही पण धाग्यावरचं सायझिंग (पातळ लेप), मॅटचा बाइंडर (धागे चिकटवणारा), पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), कोअर (मधला हलका थर), यांच्यावर ओलावा बसतो. २० अंशांना पाण्याचा बाष्पदाब २३ मिलिबार, २५ अंशांना ३२. म्हणजे बॅग त्याच्या खाली नेली की आतलं पाणी उकळून निघतं, ही चांगली गोष्ट आहे, फक्त ती रेझिन यायच्या आधी व्हायला पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये बॅग २५-३० मिलिबारला अडकून बसते आणि खाली जायलाच तयार नाही असं दिसतं, लोक तासन् तास लीक शोधतात, टेप बदलतात, आणि खरं तर ते पाणी उकळत असतं. ओळखायचं असं की बॅग आणि कॅच पॉटच्या मधला व्हॉल्व्ह बंद करा आणि बॅगेच्या बाजूच्या गेजवर लक्ष ठेवा. दाब सरळ रेषेत चढतच राहिला, पंधरा मिनिटांनीही त्याच वेगाने, तर लीक. आधी भरभर चढला आणि मग वीस-तीसच्या आसपास आळसावला, तर ओलावा. ही ड्रॉप टेस्ट घेताना कॅच पॉट सर्किटमधून बाहेर ठेवायचा हे महत्त्वाचं, नाहीतर पॉटची मोठी रिकामी जागा छोटा लीक पोटात घेते आणि गेजवर काही दिसत नाही. माझ्याकडे पंधरा मिनिटांत ५ मिलिबारपेक्षा जास्त चढलं तर रेझिन मिसळायला परवानगी नाही, मग कस्टमर गेटवर उभा असला तरी.

उपाय साधेच. रोल प्लॅस्टिकमध्ये सील करून ठेवा, जमिनीवर नाही, रॅकवर. कापड कापून दोन दिवस उघडं पडू देऊ नका. पावसाळ्यात बॅग आदल्या संध्याकाळी लावून रात्रभर व्हॅक्यूमवर ठेवता आली तर सोन्याहून पिवळं, नाहीतर हीट लॅम्पने मोल्ड ४०-४५ अंशांना आणून दोन तास, मग थंड होऊ द्यायचा आणि मगच रेझिन. गरम मोल्डवर तसंच सोडलं तर जेल मधेच.

थंडीतला त्रास वेगळा असतो, डिसेंबर-जानेवारीत सकाळी शेडमध्ये १०-१२ अंश असतात, रेझिन काकवीसारखं जाड होतं आणि भिजवायला वेळ घेतं. ड्रम रात्री आत घ्या, रेझिन आणि मोल्ड दोन्ही २५ च्या आसपास आणा. आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नायलॉनची बॅगिंग फिल्म ठिसूळ होते, घडीवर चिरते, तेव्हा उघडा रोल बाहेर ठेवू नका. म्हणजे ज्या दमट हवेला आपण पावसाळ्यात शिव्या देतो तीच फिल्मला मानवते.

लीकबद्दल थोडंच सांगतो कारण यावर सगळे आधीच बोलतात. बॅग चिकटवायच्या टेपवर आडवा पडलेला एक काचेचा धागा पुरे होतो लीकला. प्लीटचं (बॅगेच्या घडीचं) टोक आणि पाइप आत येतो ती जागा, नव्वद टक्के वेळा तिथेच सापडतो. मोल्ड जर एमडीएफ किंवा पीओपीचा असेल तर मोल्डमधूनच हवा येते, मग टेप कितीही बदला.

भिजण्याबद्दल मात्र नीट समजून घ्या. कापडात रेझिन दोन वाटांनी जातं, एक जुडग्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून आणि एक जुडग्याच्या आतल्या धाग्यांमधून. आतली वाट समईच्या वातीसारखी स्वतःच रेझिन ओढते. फ्लो फार जोरात असला तर रेझिन मोकळ्या जागेतून पुढे पळतं, जुडग्याच्या आतली हवा चारही बाजूंनी कोंडली जाते, त्याच त्या लांबट रेघा. फार हळू असला तर उलटं, वात पुढे जाते आणि मधल्या जागेत हवा अडकते. म्हणून फ्लो मेश पार व्हेंटपर्यंत नेऊ नका, शेवटचे दीड-दोन इंच मोकळे सोडा, तिथे रेझिनला ब्रेक लागतो आणि मागचं जाड लॅमिनेट खालपर्यंत भिजायला वेळ मिळतो. कडेला कापड आणि मोल्डच्या भिंतीत फट राहिली तर रेझिन तिथून शॉर्टकट मारतं आणि मधे कोरडं बेट राहतं, ते बेट बघून लोक पुन्हा पंपालाच दोष देतात.

पोरॉसिटी किती चालेल? ओझरला एचएएल असल्यामुळे आपल्याकडे एक टक्क्याच्या आतची भाषा कानावर पडत असते. विमानाच्या पार्टला ती हवीच. १९७८ मध्ये जड आणि राइट यांनी तोवरच्या कामांचा आढावा घेऊन दाखवलं होतं की साधारण चार टक्क्यांपर्यंत दर एक टक्का पोरॉसिटीमागे लेअरमधली शिअर ताकद (लेअर एकमेकांवरून सरकू न देणारी) सुमारे सात टक्क्यांनी घटते. मशीन कव्हरला दोन टक्क्यांनी काही होत नाही, तुमचा खरा प्रॉब्लेम ताकद नसून पेंट आहे, त्यामुळे कस्टमरने रिपोर्ट मागितला नसेल तर एक टक्क्याच्या मागे धावून रेट वाढवू नका.

रिपोर्ट मागितलाच तर काचेच्या फायबरच्या पार्टला जाळून बघायची टेस्ट असते, ५६५ अंशांना रेझिन जाळायचं, उरलेल्या काचेचं वजन करायचं. कार्बनला ही भट्टी चालत नाही, फायबरच जळायला लागतं, तिथे अ‍ॅसिडने रेझिन काढतात, ते लॅबचं काम. पण आकड्यावर आंधळा विश्वास नको. समजा वजनाने ७० टक्के काच, रेझिनची घनता १.१५, पार्टची मोजलेली घनता १.८४. काचेची घनता २.५५ धरली तर पोरॉसिटी येते दीड टक्का. तीच २.६० धरली तर अडीच टक्के. पार्ट तोच, फक्त एक आकडा बदलला. म्हणून लॅबने कोणती घनता धरली ते रिपोर्टवर लिहून घ्या, आणि कापडाच्या सप्लायरकडून खरा आकडा मागवा. नाण्याने टकटक करून पोरॉसिटी कळते हा गैरसमज आहे, त्याने लेअर सुटलेले कळतात, बारीक बबल नाही.

कोणी प्रीप्रेगकडे (आधीच रेझिन लावून आलेलं कापड) वळायचं म्हणत असेल तर एवढंच, तिथे पाणी अजून मोठा शत्रू आहे. १२० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे २ बार, १८० ला १० बार. नुसत्या बॅगेचा एक बारही नाशिकमध्ये पूर्ण मिळत नाही, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये (दाब देणारी भट्टी) ६-७ बार देतात आणि तरीही माल कोरडाच लागतो. फ्रीझरमधून काढलेला रोल बाहेरचं दव पूर्ण सुकेपर्यंत पिशवीतून उघडायचा नाही.

राहिले आधी बनलेले पार्ट. आधी पोस्ट क्युअर करा, म्हणजे पार्ट पुन्हा तापवा, ७०-८० अंशांना तीन-चार तास, कस्टमरच्या पेंट ओव्हनपेक्षा थोडं वरचं तापमान मिळालं तर उत्तम, पण रेझिनच्या डेटाशीटमधली मर्यादा बघून. जे बबल फुटायचेत ते तुमच्याकडेच फुटू देत. मग ३२० च्या पेपरने घासून भोकं उघडी करा, बारीक पुट्टी स्क्रेपरने दाबून भरा, दोन उलट्या दिशांनी, पुन्हा घासा, वर हाय बिल्ड प्रायमर. वरून नुसता जाड प्रायमर मारून झाकलं तर आतली हवा गरम झाली की पुन्हा वर येणार आणि मटेरियल परत येणार. ज्या पार्टमध्ये बोल्टच्या भोकाजवळ किंवा कॉर्नरला ठिपके दाट आहेत ते मात्र पुट्टी लावून पाठवू नका, ते बाजूला काढा आणि कापून घासायच्या प्रॅक्टिसला वापरा.